परदेशी सासर आणि आईपणाचा आत्मविश्वास

मूल सांभाळता येणं ही एक गोष्ट आणि ‘मला हे जमतं’ असं मनातून वाटणं ही दुसरी. बहुतेक घरांत या दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात, म्हणून त्यांच्यातला फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. लग्न करून परक्या देशात गेलेल्या बाईच्या बाबतीत मात्र त्यांची फारकत होते. माहेरी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन वाढवलेली, बाळाचं रडणं भुकेचं आहे की झोपेचं हे नुसत्या आवाजावरून ओळखणारी मुलगी सासरच्या देशात स्वतःच्या पहिल्या बाळाला हातात घेते आणि बावरून जाते. आपल्याला काहीच येत नाही, असं तिला वाटू लागतं. हे कसं घडतं, आणि गेलेला आत्मविश्वास परत कशानं येतो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण ‘या बायकांना मुलं वाढवायला शिकवलं पाहिजे’ हे त्यावरचं सर्वांत सोपं आणि सर्वांत अपुरं उत्तर आहे.

असा संसार जगात अनेक ठिकाणी मांडला जातो. पण दक्षिण कोरिया आणि तैवान या दोन ठिकाणी त्याचं प्रमाण इतकं वाढलं की त्यासाठी कायदे झाले, केंद्रं उघडली, सरकारी पाहण्या सुरू झाल्या. त्यामुळे या विषयावरचा पुष्कळसा अभ्यास तिथूनच येतो. खेड्यांतल्या मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरांकडे गेल्या आणि शेती करणाऱ्या किंवा कमी मिळकतीच्या पुरुषांची लग्नं जुळेनाशी झाली. १९९० नंतर मध्यस्थांमार्फत व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्स, कंबोडिया, इंडोनेशिया इथल्या मुलींशी लग्नं होऊ लागली. तैवानमध्ये २००३ साली नोंदल्या गेलेल्या जवळपास दर तीन लग्नांतल्या एका लग्नात जोडीदारांपैकी एक जण बाहेरून आलेला होता; यात चीनमधून आलेल्या जोडीदारांचाही समावेश आहे. कोरियात २००५ साली अशी ४० हजारांहून जास्त लग्नं झाली, म्हणजे दर शंभरात साधारण तेरा. मध्यस्थानं जुळवलेल्या लग्नांत पहिली भेट आणि लग्न यांच्यात अनेकदा मोजकेच दिवस असत, आणि नवरा-बायकोच्या वयातलं अंतरही पुष्कळ असे.

या बायकांची खरी कसोटी क्रमाची आहे. एरवी परदेशात गेलेलं माणूस आधी भाषा शिकतं, रस्ते ओळखीचे करतं, चार माणसं जोडतं आणि मग संसार वाढवतं. यांच्यातल्या कित्येक जणी भाषा बोलता येण्याआधीच आई झाल्या. नवं लग्न, नवा देश आणि नवं मूल, एकेकटं पेलतानाही दमवणारे हे तीन बदल एकाच वेळी अंगावर आले.

आता आत्मविश्वास म्हणजे नेमकं काय, ते पाहू. मानसशास्त्रात पालकत्वाच्या आत्मविश्वासाचा अर्थ बराच काटेकोर आहे. आपण काही केलं तर मुलावर त्याचा परिणाम होईल आणि ते करणं आपल्या आवाक्यात आहे, असा विश्वास म्हणजे हा आत्मविश्वास. तो मोजण्यासाठी १९७८ साली गिबॉड-वॉलस्टन आणि वांडर्समन यांनी तयार केलेली १७ विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. तिचे दोन भाग आहेत. एकात आईबाप म्हणून कितपत समाधान वाटतं ते तपासतात, दुसऱ्यात कितपत जमतं असं वाटतं ते. एखाद्या आईला मुलाचा लळा भरपूर असतो, पण आपल्याला जमत नाही याची खात्रीही तेवढीच असते. हे दोन्ही एका मनात मावतं, आणि लग्नानं परदेशी गेलेल्या बायकांच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. त्यांचा आत्मविश्वास कमी आहे याचा अर्थ त्यांची माया कमी आहे असा अजिबात होत नाही.

या आत्मविश्वासाला एवढं महत्त्व का द्यायचं? ज्या आईला जमेल असं वाटतं ती रडणाऱ्या बाळाशी जास्त वेळ चिकाटीनं राहते, एक उपाय चालला नाही तर दुसरा करून पाहते. जिला जमणार नाही असं वाटतं ती लवकर हात टेकते, मूल दुसऱ्याच्या हातात देते किंवा चिडते. मूलही मग तिच्याकडे कमी वळतं. ते पाहून तिची खात्री आणखी पक्की होते की आपण कमी पडतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की त्यातली सुरुवात कुठली आणि परिणाम कुठला, हे घरातल्यांनाही सांगता येत नाही.

स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कुठून येतो, याचं उत्तर अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं. त्याच्या म्हणण्यानुसार असा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः करून पाहिलं आणि जमलं, ही पहिली आणि सगळ्यांत भक्कम वाट. आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहिलं, ही दुसरी. जवळच्या माणसानं ‘तुला जमेल’ म्हणून धीर दिला, ही तिसरी. आणि त्या क्षणी आपलं शरीर-मन कसं आहे, थकलेलं की शांत, ही चौथी. या चारही वाटा माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या परिस्थितीतून जास्त जातात. म्हणून माणूस तोच असला आणि परिस्थिती पालटली, तर विश्वासही पालटतो. परदेशी सासरी या चारही वाटा एकदम अरुंद होतात, आणि माझ्या मते या विषयाचं मर्म इथेच आहे.

पहिली वाट घ्या. करून पाहण्यासाठी आधी करू दिलं पाहिजे. कोरियात बाळंतिणीला मियोकगुक नावाचं समुद्री शेवाळाचं सूप द्यायची पद्धत आहे. दिवसातून अनेकदा, कितीतरी दिवस. व्हिएतनाममधून आलेल्या मुलीला ही चव परकी असते. तिच्या आईनं बाळंतिणीसाठी मिरी घालून आटवलेलं खारट मांस आणि भात केला असता, दूध येण्यासाठी कच्ची पपई घालून डुकराच्या पायांचं सूप केलं असतं. सासू मायेनंच वाटी पुढे करते. सून दोन घोट घेऊन बाजूला ठेवते. सासूला वाटतं, हिला बाळाच्या दुधाची काळजी नाही. सुनेला वाटतं, माझ्या बाळंतपणात माझ्या आईचं काहीच नाही. खरं तर दोन्ही पद्धतींमागचा विचार एकच आहे: बाळंतिणीला थंडी लागू द्यायची नाही, अंगात ऊब राहील आणि दूध येईल असंच खायला घालायचं. दोघींना एकमेकींची भाषा येत असती तर पाच मिनिटांत हे दोघींच्याही ध्यानात आलं असतं. भाषा नसल्यामुळे वाटीभर सुपावरून ‘चांगली आई कोण’ याचा निवाडा होतो, आणि ज्या बाईला घरात सर्वांत कमी बोलता येतं तिच्या विरुद्ध तो लागतो.

इथून पुढे छोटे छोटे निर्णय एकेक करून तिच्या हातून निसटतात. बाळाला किती कपडे घालायचे, वरचं खाणं कधी सुरू करायचं, डॉक्टरकडे न्यायचं की वाट पाहायची. दवाखान्यात नवरा किंवा सासू बोलते, डॉक्टर त्यांच्याकडे बघून उत्तर देतो, आणि बाळ जिच्या मांडीवर आहे तिला घरी आल्यावर निष्कर्ष तेवढा सांगितला जातो. यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. वेळ वाचतो, काम उरकतं. पण मूल बरं झालं तर ते श्रेय तिच्या मनात तिच्या नावावर जमा होत नाही. ‘मी केलं आणि जमलं’ हा अनुभव तिला मिळतच नाही.

दुसरी वाट म्हणजे आपल्यासारख्या बाईला पाहणं. माहेरी असती तर वहिनी, मावशी, शेजारीण, शाळेतली मैत्रीण, कुणी ना कुणी सहा महिने पुढे असलेली आई भोवती असती. इथे भोवती दिसणाऱ्या आया वेगळ्या आहेत. त्यांचे मोबाइलवरचे गट आहेत आणि त्यांतल्या गप्पा इतक्या भरभर चालतात की ही एक निरोप वाचेपर्यंत वीस पुढे गेलेले असतात. आपल्याहून फार वेगळ्या माणसाचं यश पाहून विश्वास वाढत नाही, उलट खचतो. ‘तिला जमतं, कारण ती इथली आहे’ एवढंच मनात उरतं.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात सांगते. कौतुकाला शब्द लागतात, नापसंतीला लागत नाहीत. भाषा कच्ची असलेल्या बाईला घरातल्यांचं कौतुक अर्धवट कळतं, पण कपाळावरची आठी पूर्ण कळते. त्यामुळे तिच्या वाट्याला येणाऱ्या शब्दांचा हिशेबच तिरपा होतो.

चौथ्या वाटेकडे सर्वांत कमी लक्ष जातं. अपुरी झोप, माहेरची आठवण, हवामान, एकटेपणा यांनी शरीर थकतं, आणि थकलेली बाई त्या थकव्याचा अर्थ ‘मी नालायक आई आहे’ असा लावते. स्थलांतरित बायकांमध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा धोका जास्त असतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. हे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली वापरतात. त्यात अवघे १० प्रश्न आहेत आणि त्यांतला एक असा, की काही बिनसलं तेव्हा तुम्ही विनाकारण स्वतःला दोष दिलात का? ही प्रश्नावली अनेक भाषांत उपलब्ध आहे आणि ती आईच्या भाषेतच द्यायला हवी. नवऱ्यानं शेजारी बसून भाषांतर केलं तर निम्मी उत्तरं खोटी येतील. सतत स्वतःला दोष देणं, बाळाकडे पाहून काहीच न वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार येणं, यांना आत्मविश्वासाची कमतरता म्हणून सोडून देऊ नये. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत आणि ते लगेच मिळायला हवेत.

मूल शाळेत जाऊ लागलं की अडचणीचं रूप बदलतं. कोरियातल्या प्राथमिक शाळांत अल्लिमजांग नावाची वही असते. उद्या काय आणायचं, कुठला अभ्यास करायचा, सहल कधी, हे मूल त्यात लिहून आणतं आणि घरच्यांनी ते रोज पाहायचं असतं. शिवाय शाळेकडून पालकांसाठी छापील पत्रकं येतात. आता बरीचशी मोबाइलवर येतात. या पत्रकांची भाषा सरकारी वळणाची, चिनी मुळाच्या जड शब्दांनी भरलेली. बाजारहाट सफाईनं करणारी, शेजाऱ्यांशी गप्पा मारणारी आईसुद्धा त्या पानापुढे अडते. समजा, उद्या मापनपट्टी, पाण्याचे रंग आणि सही केलेलं संमतिपत्रक आणायचं आहे. त्यातलं संमतिपत्रक तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं एकट्याचं मूल हात हलवत बसतं. शिक्षकाच्या नजरेत ती ‘लक्ष न देणारी आई’ होते. खरं म्हणजे तिनं पान तीनदा वाचलेलं असतं.

बोलण्यातही असाच एक सापळा आहे. कोरियन भाषेत कुणाशी बोलतो त्यावर क्रियापदाचं रूप ठरतं. ही बाई भाषा शिकते ती नवरा आणि सासू तिच्याशी जे बोलतात त्यातून, म्हणजे एकेरीतून. तेच ती मुलाच्या शिक्षकाशी बोलली की उद्धट वाटते. असं दोन-तीनदा झालं की ती पालकसभेला जाणंच टाळते, आणि शाळेच्या वहीत तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते.

आता या विषयातला माझ्या दृष्टीनं सर्वांत नुकसान करणारा सल्ला: ‘मुलाशी तुझ्या भाषेत बोलू नकोस, ते गोंधळेल.’ हा सल्ला अनेक घरांत दिला गेला, कधी सासरच्यांकडून, कधी शिक्षकांकडून. त्यात तथ्य नाही. दोन भाषा ऐकत वाढल्यामुळे मुलाच्या वाढीत दोष निर्माण होत नाही. दोन भाषांतलं मूल एखाद्या टप्प्यावर प्रत्येक भाषेत थोडे कमी शब्द बोलतं, पण दोन्हींतले शब्द मिळून मोजले तर बहुधा ते मागे नसतं. मुलाची भाषा फुलते ती त्याच्याशी किती आणि किती भरभरून बोललं जातं त्यावर. स्वतःच्या भाषेत आई गोष्ट सांगते, चिडवते, का-कसं-कधी या प्रश्नांना लांबलचक उत्तरं देते, अंगाईचे शब्द मनानं जुळवते. नव्या, तुटक भाषेत ती ‘ये’, ‘खा’, ‘नको’, ‘झोप’ एवढ्यावर येते. म्हणजे मुलाला भाषा मिळावी म्हणून दिलेल्या सल्ल्यानं मुलाच्या वाट्याची भाषाच आटते. आईचंही मोठं नुकसान होतं. ज्या एका गोष्टीत ती घरातल्या कुणाहीपेक्षा सरस आहे, तीच तिला सोडायला लावली जाते.

पुढे काय होतं, हे लिली वाँग फिल्मोर या संशोधिकेनं १९९१ साली अमेरिकेतल्या स्थलांतरित कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवलं होतं. नवी भाषा शिकताना मुलांची घरची भाषा सुटली की आईबाप मुलांना समजावू, वळण लावू, स्वतःचे अनुभव सांगू शकत नाहीत. मूल दहा-बारा वर्षांचं होतं आणि त्याला मित्रांबद्दल, शरीरातल्या बदलांबद्दल, वर्गात कुणी हिणवलं त्याबद्दल बोलायचं असतं. त्या वयातलं बोलणं चार आज्ञार्थी क्रियापदांत होत नाही. कोरियातल्या कित्येक घरांत आज हा टप्पा चालू आहे. तिथल्या शाळांत अशा कुटुंबांतली मुलं २०१२ मध्ये साधारण ४७ हजार होती, २०२३ मध्ये ती १ लाख ८० हजारांवर गेली. म्हणजे अंगाईच्या वयाचा प्रश्न आता वयात येणाऱ्या मुलांचा प्रश्न झाला आहे.

या वयातच आणखी एक उलथापालथ होते. मूल आईचं दुभाषी होतं. बँकेत, दवाखान्यात, कधी स्वतःच्याच शिक्षकांसमोर. मुलाला त्यातून जबाबदारीची जाणीव येते, त्याला आईबद्दल आपुलकीही वाटते, हे खरं. पण स्वतःच्या प्रगतिपुस्तकाबद्दल शिक्षक काय म्हणाले हे मुलानंच आईला सांगायचं, ही व्यवस्था दोघांवरही अन्याय करणारी आहे. अशा ठिकाणी मोठा, त्रयस्थ दुभाषी असायला हवा.

चांगली आई कशाला म्हणायचं, ही मोजपट्टीही सगळीकडे एकच नसते. अमेरिकेत डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या शैली वर्णिल्या आणि त्यांत हुकमत गाजवणारी शैली मुलांसाठी हितकर नाही, असं मानलं गेलं. १९९४ साली रूथ चाओ यांनी दाखवून दिलं, की चिनी कुटुंबांत बाहेरून कडक दिसणारं वागणं बरेचदा मुलाच्या जडणघडणीत आईनं जीव ओतण्याचा भाग असतं, आणि त्याला हुकूमशाही म्हणणं चूक आहे. सारा हार्कनेस आणि चार्ल्स सुपर यांनी १९८६ साली हीच गोष्ट जास्त विस्तारानं मांडली होती. मूल वाढतं त्याला तीन बाजू असतात: भोवतीची जागा आणि माणसं, सांभाळण्याच्या रीती, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनातल्या कल्पना. एका जागी राहणाऱ्या कुटुंबात या तिन्ही एकमेकींना धरून असतात. लग्नानं परदेशी गेलेल्या बाईच्या मनातल्या कल्पना माहेरच्या असतात, रीती सासरच्या, आणि जागा तिला अजून अनोळखी. तिला रोज स्वतःशी भाषांतर करत मूल वाढवावं लागतं. यात दमणं स्वाभाविक आहे. म्हणून प्रश्नावलीत तिला कमी गुण पडले तर ‘हिला येत नाही’ असा अर्थ काढण्याआधी ते गुण कुठल्या मोजपट्टीवर पडले, हे विचारायला हवं.

याच्या जोडीला कायद्याचं ओझं आहे. कोरियात लग्नानं आलेल्यांसाठी एफ-६ हा व्हिसा असतो. पूर्वी मुक्काम वाढवताना कोरियन जोडीदाराचं हमीपत्र लागत असे. ती अट गेली, तरी पहिली काही वर्षं नवऱ्याच्या सहकार्याशिवाय कागद पुढे सरकवणं अवघड जातं. लग्न मोडलं तर, लग्नातून झालेलं अल्पवयीन मूल आपण वाढवत आहोत, या आधारावर राहता येतं; त्यासाठी व्हिसाचा वेगळा पोटप्रकार आहे. ही तरतूद आवश्यकच आहे. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. अशा बाईसाठी ‘मी चांगली आई आहे का’ हा प्रश्न मनापुरता राहत नाही, तिच्या त्या देशात राहण्याशी जोडला जातो. चूक झाली तर मूल हातचं जाईल, या भीतीनं मूल वाढवणाऱ्या आईकडून मोकळेपणाची अपेक्षा करणं कठीण आहे.

मग उपयोग कशाचा होतो? कोरियानं २००८ साली बहुसांस्कृतिक कुटुंबांना आधार देणारा कायदा केला. देशभर दोनशेहून जास्त केंद्रं उभी राहिली. दानुरी नावाची मदतवाहिनी १३ भाषांत चोवीस तास चालते. केंद्रातून शिक्षिका घरी येऊन भाषा आणि मुलांच्या संगोपनाबद्दल शिकवतात. गरोदरपण आणि तान्हं बाळ, रांगतं-चालतं मूल, शाळेचं वय, असे त्याचे टप्पे आहेत. घरी येणं हे यातलं मोलाचं. तान्हं मूल घेऊन बसनं वर्गाला जाणं जिला जमत नाही, तिच्या दारात कुणी येतं, आणि सासूसमोर तिच्याशी आदरानं बोलतं. मला वाटतं, या आदरानं बोलण्याचा परिणाम पाठ्यक्रमापेक्षा मोठा असावा.

त्याहून मोलाचं मला वाटतं ते केंद्रांत दुभाषी म्हणून नेमलेल्या बायकांचं काम, कारण त्या स्वतः लग्न करूनच तिथे आलेल्या असतात. नव्यानं आलेली मुलगी जेव्हा आपल्याच देशातली, आपल्याच वाटेनं आलेली, आता पगारी नोकरी करणारी आणि मुलाच्या शाळेत ताठ मानेनं जाणारी बाई पाहते, तेव्हा बांडुरानं सांगितलेली दुसरी वाट उघडते. शिवाय अडचण कुठे येते, हे या दुभाषी बाईला सांगावं लागत नाही. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या आणि लग्नानं कोरियात आलेल्या जास्मिन ली २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सभेत निवडून गेल्या. तैवानमध्ये कंबोडियात जन्मलेल्या लिन ली-चान २०१६ मध्ये कायदेमंडळात पोहोचल्या. पण रोजच्या धीरासाठी केंद्रातली ती दुभाषी बाई जास्त कामाची, कारण ती हाकेच्या अंतरावर असते.

तैवानमधलं एक काम मला फार आवडतं. दक्षिणेकडच्या मेइनोंग या शेतीप्रधान गावात १९९५ साली लग्न करून आलेल्या बायकांसाठी अक्षरओळखीचा वर्ग सुरू झाला. बायका वाचायला-लिहायला शिकल्या, पण त्यापेक्षाही आठवड्यातून काही तास एकमेकींना भेटल्या. त्या भेटींतून २००३ साली त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. शिकायला आलेल्या बायका कायद्यातल्या बदलांची मागणी करू लागल्या. आत्मविश्वास वाढवायचा तर मूल वाढवण्याचे धडे द्यायलाच हवेत असं नाही, हे यातून दिसतं. ज्या बाईला सरकारी कचेरीत स्वतःचं म्हणणं मांडता येतं, तिला मुलाच्या वर्गशिक्षिकेशीही बोलता येतं.

त्याच तैवाननं २०१९ पासून प्राथमिक शाळांच्या भाषाशिक्षणात व्हिएतनामी, इंडोनेशियन, थाई, ब्रह्मी, ख्मेर, मलय आणि फिलिपिनो या सात भाषांचा पर्याय दिला. सगळ्या शाळांत शिक्षक मिळतात असं नाही, तासही थोडेच. तरीही आईची भाषा शाळेच्या वेळापत्रकात आली, मूल त्यातला शब्द अडला म्हणून घरी येऊन आईला विचारतं, आणि आईला उत्तर येतं. गृहपाठात तिची गरज लागते. कोरियातही केंद्रांमार्फत घरात दोन्ही भाषा बोलल्या जाव्यात म्हणून कार्यक्रम चालतात, हा दहा-पंधरा वर्षांतला चांगला बदल आहे.

माझी तक्रार आहे ती शिकवण्याच्या वाटणीबद्दल. बायकोनं भाषा शिकायची, स्वयंपाक शिकायचा, संगोपन शिकायचं, आठवड्यातून दोनदा, महिनोन्महिने. २०११ पासून कोरियात ठरावीक देशांतल्या मुलीशी लग्न करू इच्छिणाऱ्या पुरुषाला एक मार्गदर्शन कार्यक्रम करावा लागतो, तो मात्र काही तासांचा. सासूसाठी तर बहुतेक ठिकाणी काहीच सक्तीचं नाही. आत्मविश्वासाच्या चार वाटांपैकी निदान दोन, करू देणं आणि धीर देणं, पूर्णपणे या दोघांच्या हातात आहेत. नवऱ्याला बायकोच्या भाषेतली शे-दोनशे वाक्यं आली पाहिजेत. ती त्याची संपूर्ण भाषा शिकत असताना ही काही फार मोठी मागणी नव्हे. मुलासमोर आईचं बोलणं दुरुस्त करायचं नाही. बाळाच्या खाण्या-झोपण्यातले काही निर्णय पूर्णपणे तिचे, ते चुकले तरी तिचे, असं घरात ठरवून घ्यायचं.

शाळा आणि दवाखाने यांनीही आपल्या बाजूनं थोडं करायचं आहे. पत्रकातली तारीख, वस्तू आणि सही या तीन गोष्टी वर ठळक, साध्या शब्दांत लिहिल्या तर लग्न करून आलेल्या आयांबरोबर रात्रपाळी करून थकून आलेल्या बापांचीही सोय होते. पालकसभेची वेळ कळवतानाच दुभाषी हवा का, हे विचारावं. आणि डॉक्टरांनी बाळाबद्दलचा प्रश्न आधी आईला विचारावा. फोनवरून दुभाषी घ्यावा लागला तरी चालेल, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील; ताप केव्हापासून आहे हे रात्रभर जागलेल्या त्या आईला घरात सगळ्यांपेक्षा जास्त नेमकं माहीत असतं.